पाऊणकीची पाटी

उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीशेजारी एक काळी पाटी टांगलेली असे. तिच्यावर अक्षर एकही नसे. दोन ओळी, आणि त्या ओळींत खडूनं काढलेली वाटोळी आणि उभ्या रेघा. एक वाटोळं म्हणजे एक तास, एक रेघ म्हणजे पाव तास. वरची ओळ भरतीची, खालची ओहोटीची. वर आठ वाटोळी आणि एक रेघ दिसली की कोळीवाड्यातलं पाच वर्षांचं पोरही सांगे, आज सव्वाआठला पाणी भरणार.

ही पाटी तिथं शोभेला नव्हती. मोऱ्याला गाळ फार. ओहोटी पुरी लागली की धक्क्याच्या पायऱ्यांपुढं शे-दीडशे हात नुसता चिखल उघडा पडतो. ओहोटीच्या अलीकडं दोन तास आणि पलीकडं दोन तास लाँच पायऱ्यांना लागतच नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच भलत्या वेळी पोचली तर चिखलात बसते, आणि पाणी चढेपर्यंत आतली माणसं धक्क्याकडं आणि धक्क्यावरची माणसं लाँचकडं बघत राहतात. म्हणून सकाळची पहिली लाँच घेऊन निघताना ती चालवणारा सारंग पाटी बघून जायचा आणि दुपारच्या फेऱ्या त्या हिशेबानं मागंपुढं करायचा.

पाटी लिहायचा चांगदेव. वय सत्तरीच्या पुढं, उमेदीची सगळी वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून समुद्रावर गेलेली, आणि शाळेची पायरी कधी चढलेला नाही. पण त्याला पाऊणकी येत होती. लहानपणी मिठागरावर बापाबरोबर जायचा, तिथल्या मुकादमानं पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पावपट, निमपट, पाऊणपटीचे पाढे, तोंडानं म्हणून घेतली होती. पावकी-निमकी पुढं विसरली. पाऊणकी राहिली, कारण ती रोज लागायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता पाणी भरणार. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. तीत सहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र आणि पाणी यांचं जे नातं मी पुस्तकात वाचून शिकलो, ते या माणसाच्या जिभेवर होतं.

मी तेव्हा उरणच्या एका शाळेत गणित शिकवायचो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचं मूळ गाव साताऱ्याकडं. नोकरीनं खाडीकाठी आणून सोडलं. नवी मुंबई तेव्हा अर्धी जमिनीवर होती नि अर्धी नकाशावर. द्रोणागिरीच्या पायथ्याशी कुठं काय होणार, हे चहाच्या टपरीवर प्रत्येक जण वेगळं सांगायचा. आम्ही मोऱ्यालाच दोन खोल्या घेऊन राहत होतो, मी आणि माझी पत्नी अरुणा. धक्क्याजवळ मारुतीचं देऊळ आहे. रोज उजाडताना मी देवळात जायचो, आणि परतताना चांगदेव पाटीखाली बसलेला असायचा.

दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आधी तो चंद्र बघून तिथी सांगायचा. किती कला आहे, कधी उगवला, कधी मावळला, सगळं त्याच्या ध्यानात असे. आता चंद्र दिसेना. मग माझा पायरव ऐकला की विचारायचा, "मास्तर, आज तिथी कंची?" मी सांगायचो. तो ओठातल्या ओठात पाऊणकी पुटपुटायचा, उठायचा, आणि चाचपत चाचपत पाटीवर वाटोळी काढायचा. वाटोळी मात्र इतकी नेमकी की माझ्या वर्गातल्या मुलांनी कंपासनं काढली तरी तशी येणार नाहीत.

एकदा मी वर्गात विचारलं, बाराचे पंचाहत्तर टक्के किती? मुलांनी वह्या उघडल्या. दशांशचिन्ह कुठं द्यायचं यावर दोन बाकांत भांडण लागलं. संध्याकाळी गंमत म्हणून चांगदेवला विचारलं, बाराची पाऊणपट? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याला त्याचं नाव विचारलं. "नव," म्हणाला, आणि बिडी पेटवली.

आणखी एक गोष्ट मला हळूहळू उमगली. त्याच्या त्या उभ्या रेघा, एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, याच माझ्या आजोबांच्या जुन्या वह्यांत होत्या. माझ्या घरी ज्या खुणा कागदावर वाळून गेल्या, त्या इथं रोज सकाळी खडूनं ओल्या होत होत्या. कीर्तनात बुवा एकच पद पुन्हा पुन्हा आळवतात आणि दर वेळी ते नवं वाटतं, तसं मला त्या पाटीचं वाटायचं.

तर या पाटीवर त्या मार्गशीर्षात गंडांतर आलं.

झालं असं की नव्या वस्तीतली नोकरदार माणसं लाँचनं जाऊ-येऊ लागली होती. त्यांच्यातले जयप्रकाश नावाचे गृहस्थ, मुंबईत विमा कचेरीत कामाला, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. त्यांना ती वाटोळी खपेनात. आम्ही ऑफिसला जायचं की भिंतीवरची वाटोळी मोजत उभं राहायचं, असं त्यांनी धक्क्याचे सुपरवायझर श्यामसुंदरराव यांना लेखी विचारलं. श्यामसुंदरराव स्वभावानं थंड. त्यांनी मुंबईहून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मागवलं आणि सांगितलं, एक तारखेपासून हे लावू, पाटी काढू.

त्यावर बोलली ती चांगदेवची बायको बायजा. ती सुक्या बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन थेट खिडकीशी गेली आणि श्यामसुंदररावांना म्हणाली की म्हाताऱ्याचं होडकं गेलं, डोळे गेले, आता एवढं राहिलंय की माणसं सकाळी त्याला विचारतात. ते पण कागदाला देताय का?

मी बाजूलाच होतो. न राहवून मध्ये पडलो. म्हटलं, कोष्टक लावा, पण पाटी आधी तपासा तरी. पंधरा दिवस दोन्ही ताडून बघू. फरक रोज अर्ध्या तासाच्या आत राहिला तर पाटी राहू द्या.

श्यामसुंदरराव म्हणाले, "तपासणार कोण?"

"मी तपासतो."

"गणिताचे मास्तर आहात, तुमचं मानू. पण एक दिवस जरी अर्ध्या तासाच्या वर गेलं, तर मग मला सांगायला येऊ नका."

प्रतिपदेला तपासणी सुरू झाली. चांगदेव पहाटे लिहायचा. मी शाळेतून आल्यावर कचेरीत जाऊन कोष्टक बघायचो आणि वहीत फरक मांडायचो. पहिल्या दिवशी आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी बारा. अष्टमी-नवमीला पाणी जरा मंद असतं, तेव्हा फरक पंचवीस मिनिटांवर गेला. दशमीला पुन्हा पंधरावर आला. एकादशीला अकरा मिनिटं. श्यामसुंदरराव वही बघून म्हणाले, म्हातारा पास होणार असं दिसतंय. चांगदेवला हे सांगितलं तर तो नुसता हसला, पण दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून पाटीखाली बसला.

आता त्या दुसऱ्या दिवसाचं सांगायला हवं.

मोऱ्याच्या मारुतीपुढं कीर्तन व्हावं ही माझी फार दिवसांची इच्छा. भजनं व्हायची, पण गादीवर उभं राहून, पूर्वरंग-उत्तररंग असं रीतसर कीर्तन गावानं ऐकलं नव्हतं. लाँचच्या वेळा ऐकल्या की कीर्तनकार नकोच म्हणायचे. शेवटी दादरच्या सरोजिनीबाईंना मी पत्रांवर पत्रं घातली. बाईंचा आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, आपल्याच कानाशी बोलताहेत. त्यांनी एकच तारीख दिली. भागवत एकादशीची. म्हणाल्या, दुपारच्या लाँचनं येईन, संध्याकाळी कीर्तन करीन, सकाळी परत.

त्या महिन्यात एकादशी दोन दिवस आली होती. पहिल्या दिवशी स्मार्तांची, दुसऱ्या दिवशी भागवतांची. आमचं घराणं भागवत एकादशीचं. उपास दुसऱ्या दिवशी. पहाटे आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून मी देवळात निघालो तो डोक्यात सतरा कामं. जाजम कोणाकडून आणायचं, पेटीवाल्याला जागा कुठं, बाईंना फराळाला काय. परतताना चांगदेवनं नेहमीसारखं विचारलं, तिथी कंची?

"एकादशी," मी म्हणालो.

तो थांबला. "काल पन एकादशीच व्हती नं?"

मला घाई होती. मी त्याला समजावून सांगितलं की काल स्मार्तांची होती, आज आपली. तिथी कधी कधी वाढते, पंचांग तसंच असतं. मोठ्या मास्तरकीनं सांगितलं. त्यानं मान डोलावली. अकरा पाऊण सव्वाआठ. पाटीवर वर आठ वाटोळी आणि एक रेघ, खाली दोन वाटोळी आणि एक रेघ. काल होती तशीच्या तशी.

दुपारी चारच्या सुमाराला मी हार, नारळ आणि दोन माणसं घेऊन धक्क्यावर उभा राहिलो. ओहोटी सव्वादोनची, म्हणजे सव्वाचारला पाणी लाँचपुरतं चढायला हवं. लाँच आली ती अगदी वेळेवर. सारंगानं पाटीप्रमाणे बरोबर आखणी केली होती. पण पाणी आलं नव्हतं. धक्क्यापासून शंभर हातांवर लाँच हळूच थबकली, जरा कलली आणि चिखलात बसली.

कठड्याशी सरोजिनीबाई दिसत होत्या, नऊवारीचा पदर खोचून उभ्या. त्यांच्याशेजारी पेटी डोक्यावर धरलेला त्यांचा साथीदार. आणि मागं, लवकर सुटी घेऊन आलेले जयप्रकाश, हातवारे करत सारंगाला काहीतरी विचारत होते. काय, ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं.

श्यामसुंदरराव कचेरीतून कोष्टक घेऊन बाहेर आले. बोट ठेवून त्यांनी मला आकडा दाखवला. ओहोटी दुपारी तीन वाजून दोन मिनिटं. सकाळची भरती नऊच्या आसपास होऊन गेली होती.

"पाऊण तास," ते म्हणाले. "वहीत लिहा, मास्तर."

मी लिहिलं. चांगदेव माझ्या मागंच होता. त्याला चिखल दिसत नव्हता, लाँच दिसत नव्हती, पण इंजिनाचा आवाज कुठं बंद पडला ते त्यानं ऐकलं होतं. तो पाटीपाशी गेला. डोक्याचा रुमाल सोडला, त्यानंच पाटी पुसली आणि खडू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून घराकडं चालू लागला. मी हाक मारली. तो मागं न बघता म्हणाला, "म्हातारा जालो, मास्तर."

इकडं लाँचवर भलतंच चाललं होतं. वाट बघून बघून सरोजिनीबाई कठड्याला टेकून बसल्या, पेटी उघडायला लावली आणि नाम सुरू केलं. झांजा वाजवायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी त्या जवळच्या माणसाच्या हातात दिल्या. ते जवळचे माणूस म्हणजे जयप्रकाश. पाच वाजता पाणी चढून लाँच पायऱ्यांना लागली तेव्हा सगळी माणसं टाळ्या वाजवत होती आणि जयप्रकाशांना झांजा कुठं ठेवायच्या ते सुचत नव्हतं. त्या त्यांनी तशाच हातात धरून देवळापर्यंत नेल्या.

बाईंना घरी नेलं. अरुणानं फराळाचं वाढलं. माझा जीव कशात लागत नव्हता. डोळ्यांपुढं पुसलेली पाटी. तेवढ्यात अरुणा स्वयंपाकघरातून म्हणाली, उद्या पारणं किती वाजता ते पंचांगात बघून सांगा, द्वादशी कधी संपते त्यावर मला कुकर लावायचाय.

मी पंचांग उघडलं. आजच्या तारखेवर बोट ठेवलं. तिथीच्या रकान्यात आकडा होता बारा. बारा. आणि बाजूला बारीक अक्षरांत, भागवत एकादशी.

एकादशी पहाटे सूर्य उगवण्याआधीच संपली होती. उपास आज होता, तिथी मात्र द्वादशी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं उपास करतोय. पण मला चांगदेवनं तिथी विचारली आणि मी त्याला उपास सांगितला. बारा पाऊण नऊ. त्याच्या तोंडी मी बारा दिले असते तर पाटीवर नऊ वाटोळी आली असती आणि कोष्टकाशी फरक पडला असता दोन-चार मिनिटांचा.

मी तसाच उठून कोळीवाड्यात गेलो. बायजा ओट्यावर बोंबील मोजत होती. तिची मोजायची रीत जुनी. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, दोन, तीन, चार..." आतल्या अंधारात चांगदेव भिंतीला टेकून बसला होता. मी सगळं सांगितलं. आकडा सांगितला. चूक माझी, म्हणालो.

बायजाचा हात थांबला. "उपास तुमचा व्हता, मास्तर," ती म्हणाली. "पान्याला कनचा उपास?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

मी चांगदेवला विचारलं, तुला पहाटे शंका आली होती ना? मग तू तसंच का लिहिलंस?

तो म्हणाला, "पायरीवर पाय सोडून बसलो व्हतो. बोटाला कलत व्हता, पानी मागं हाय. बोट नव म्हनत व्हता. तुमी अकरा म्हनलाव. तुमी शिकलेले."

"मग मघाशी श्यामसुंदररावांना सांगायचं नाही का, की मास्तरनं तिथी चुकवली?"

"पाटीवर हात कोनाचा? माजा." आणि म्हणाला, "कीर्तन पैल्यांदा आलाय गावात. तुमी आनलाव. त्या बाईंच्या म्होरं तुमचा नाव कशाला खाली?"

मी म्हणालो की कीर्तनाला ये. तो नको नको म्हणत होता. बायजानंच त्याला उठवलं. म्हणाली, पाटी गेली म्हणून मारुती पण गेला काय?

दिवेलागणीला कीर्तन सुरू झालं. देऊळ भरून माणसं बाहेर वाळूत बसली होती. एका बाजूला कोळणी, केसांत अबोलीचे वळेसर. एका बाजूला नव्या वस्तीतल्या बायका, मुलांना मांडीवर घेऊन. श्यामसुंदरराव खांबाला टेकून. जयप्रकाश साथीदाराच्या शेजारीच बसले होते, कारण झांजा त्यांच्याकडंच राहिल्या होत्या. चांगदेव अगदी मागं, दाराच्या उंबऱ्याशी.

बाईंनी पूर्वरंग लावला नामस्मरणाचा. नाम मोजून घ्यावं की न मोजता, यावर त्या बोलल्या. एरवी मी असं निरूपण ऐकताना देहभान विसरतो. त्या दिवशी प्रत्येक वाक्य मलाच लागत होतं. बाई म्हणाल्या, "माळ ओढताना एखादा मणी चुकला तर देव रागावत नाही हो. पण ओहोटी चुकली तर लाँच चिखलात बसते, हे मी आजच शिकले." सगळं देऊळ खदखदून हसलं. मागं उंबऱ्याशी एक मान खाली गेली, ती मला माझ्या जागेवरून दिसली.

मध्यंतरात कीर्तनकाराला हार घालायचा असतो, बुक्का लावायचा असतो. ते काम माझं होतं. मी हार घातला, बुक्का लावला, पाया पडलो, आणि माझ्या जागेवर गेलोच नाही. बाईंची परवानगी घेऊन लोकांकडं वळलो.

मी भाषण करणारा नाही. जे झालं ते सांगितलं. चांगदेव तिथी मला विचारतो, हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. आज त्यानं विचारलं तेव्हा मी घाईत उपास सांगितला, तिथी नाही. त्याला शंका आली, तर ती मीच दाबली. तपासणारा मी, आणि चूकही माझी. वहीत जो पाऊण तास लिहिलाय तो माझ्या नावावर घ्या.

खांबापासून श्यामसुंदररावांचा थंड आवाज आला.

"म्हणजे मास्तर, नापास कोण झालं?"

"मी," म्हणालो.

पहिल्यांदा हसली ती बायजा. मग सगळ्या कोळणी. मग मीही. हसू ओसरल्यावर बघतो तर जयप्रकाश बोटांवर काहीतरी मोजत होते. म्हणाले की लहानपणी रत्नागिरीला त्यांच्या आजोबांनी पाऊणकी पाठ करून घेतली होती, मार खाऊन पाठ केलेली, आज तीस वर्षांनी आठवली. "बारा पाऊण नऊ," ते म्हणाले. "म्हणजे आता रात्री बरोबर नऊला भरती."

उंबऱ्यापासून आवाज आला, "नवला नाय."

सगळे मागं वळले. चांगदेव उभा राहिला होता.

"नव सकालचा. रातचा पानी पाव तास मागं येतो. सव्वानव." आणि मग, जसं काही विशेष नाही तसं, "पायरी खालून सातवी भिजंल. आठवी नाय."

श्यामसुंदररावांनी खिशातून कोष्टकाची घडी काढली. दिव्याखाली धरून वाचलं. रात्रीची भरती, नऊ वाजून अठरा मिनिटं. त्यांनी घडी पुन्हा खिशात ठेवली आणि सरोजिनीबाईंना विचारलं की उत्तररंग किती वाजेपर्यंत चालेल. बाई म्हणाल्या, "पावणेनऊला आरती करू. मलाही ती पायरी बघायची आहे."

उत्तररंगात बाईंनी एका साध्या भक्ताची कथा लावली, आणि अशी रंगवली की माझ्या मनावरचं सगळं ओझं कुठं गेलं ते कळलं नाही. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि सगळं देऊळच्या देऊळ धक्क्यावर निघालं. द्वादशीचं चांदणं असं स्वच्छ पडलं होतं की पायऱ्या मोजता येत होत्या. एकूण पायऱ्या मुलांना ठाऊक, म्हणून वरून खाली मोजत त्यांनी खालून सातवी कोणती ते काढलं. पाण्याबाहेर किती, पाण्यात किती. पाणी सातव्या पायरीच्या कडेला लागलं होतं, हळूच वर यायचं, पुन्हा सरकायचं. श्यामसुंदरराव घड्याळ धरून उभे. नऊ वाजून दहा. पंधरा. पाणी सातव्या पायरीवर पसरलं. अठरा. वीस. आठवीला शिवलं नाही. पंचविसाला सातवी पायरी पुन्हा कडेनं उघडी दिसायला लागली.

चांगदेव पाण्याकडं बघत नव्हता. तो सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर, म्हणजे आठवीवर, बसून पायाचं बोट सातवीवर टेकवून होता. "उतरला," एवढंच म्हणाला.

श्यामसुंदररावांनी कट्ट्यावरचा खडू उचलून त्याच्या हातात दिला.

एक तारखेला कोष्टक लागलं, आणि पाटीही राहिली. एवढाच बदल झाला की वाटोळ्यांच्या खाली घड्याळाचे आकडे लिहायचे. चांगदेवला आकडे लिहिता येत नव्हते. ते काम जयप्रकाशांनी आपणहून घेतलं. रोज सकाळी लाँच पकडण्याआधी ते खाली बसून वाटोळी मोजायचे, रेघा मोजायचे आणि आकडा घालायचे. ऑफिसला उशीर झाला तर तेही त्यांना चालायचं. मी पुढं शाळेत दशांश अपूर्णांक शिकवायला घेतले की पहिल्या दिवशी वर्ग धक्क्यावर न्यायचो. परीक्षेत पाऊणकी विचारत नाहीत हे पोरांना ठाऊक होतं, तरी ती त्यांना लवकर पाठ व्हायची.

पुढं माझी बदली झाली, वाशीला फ्लॅट झाला, सरोजिनीबाईंची कीर्तनं मग तिथल्या सोसायटीतही झाली. पण कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशीची ती सकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. बाईंना पहिल्या लाँचवर बसवून मी परतत होतो. चांगदेव पाटीखाली, धुतलेल्या सदऱ्यात. माझा पायरव ऐकून त्यानं विचारलं, "मास्तर, आज तिथी कंची?"

मी रात्रीच पंचांग दोनदा पाहिलं होतं. "त्रयोदशी," म्हणालो. "तेरा."

त्यानं मान डोलावली. मग धक्क्यावरच मासळी लावत बसलेल्या बायकोकडं तोंड वळवून विचारलं, "बायजा, मास्तर तेरस म्हनतान. पहाटं चंद्र कवा मावलला?"

बायजानं हातातलं काम न सोडता सांगितलं. दोघांनी मिळून माझी तिथी तपासली, बरोबर निघाली, आणि मग चांगदेव खडू घेऊन उठला. तेरा पाऊण पावणेदहा. नऊ वाटोळी, तीन रेघा.